नंबर लागेपर्यंत पाय टिकू द्या

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, अहिल्यानगर
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, अहिल्यानगर
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, राज्य आरोग्य हमी सोसायटी, मुंबई

विषय : गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेसाठी थांबलेल्या रुग्णांच्या मांडीचे स्नायू वाट पाहण्याच्या काळात झडतात, त्याबाबत.

महोदय,



माझी आई पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ६८. चाळीस वर्षं तिने कांदा लावला, खुरपला, काढला आणि संध्याकाळी शिलाई मशीनवर बसून गावातल्या बायकांची झंपरं शिवली. गुडघे गेले तेव्हा घरात कुणाला नवल वाटलं नाही. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "दोन्ही वाट्या घासल्यात. बदलाव्या लागतील. आधी उजवी करू. नाव लिहून घेतो, नंबर लागला की फोन येईल. तोवर जपून राहायचं, जास्त चालायचं नाही."

फोन नऊ महिन्यांनी आला. हे पत्र त्या नऊ महिन्यांबद्दल आहे.

एकदा रक्तातली साखर जास्त निघाली म्हणून तारीख पुढे गेली. मग हिमोग्लोबिन कमी निघालं म्हणून. मग रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळेना म्हणून. आम्ही मात्र डॉक्टरांचा शब्द तंतोतंत पाळला. पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला, जेवणाचं ताट बाजेवर नेलं, भावाने बाजेशेजारी कमोडची खुर्ची आणून ठेवली. नाव लिहिलं त्या दिवशी ती काठी टेकत वेशीतल्या मारुतीपर्यंत जाऊन येत होती. तिसऱ्या महिन्यात ओट्यापर्यंत. सहाव्या महिन्यात खुर्चीतून उठायला दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागायचा. नवव्या महिन्यात दोघांनी धरून तिला गाडीत बसवलं. सुरुवातीला ती "दुखतंय" म्हणायची. पुढे पुढे "पायात जीव नाही" म्हणायला लागली. ही दोन वेगळी दुखणी आहेत, हे आम्हाला कळलं नाही. आम्ही तिला जपत होतो आणि जपता जपता तिचे पाय घालवत होतो.

शस्त्रक्रिया चांगली झाली. टाके वेळेवर निघाले, फोटोत नवा गुडघा अगदी सरळ दिसला, आतलं घासणारं दुखणं गेलं. तरीही सहा महिन्यांनंतर ती हात न टेकता खुर्चीतून उठू शकत नव्हती. व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने विचारलं, "आजींची मांडी आधी किती होती?" कुणालाच सांगता येईना. आईच्या शिवणाच्या डब्यात मोजपट्टी होती. माप घेतल्याशिवाय तिने कधी कुणाच्या कापडाला कात्री लावली नाही. तिच्या मांडीचं माप मात्र कुणी घेतलं नव्हतं. आम्हीही नाही आणि दवाखान्यानेही नाही.

त्या दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या डॉक्टरांनी त्यांचं काम मन लावून केलं. नंतर मी ज्या-ज्या घरांत याबद्दल बोलले तिथेही हेच ऐकलं : नाव लिहून घेतलं, "आराम करा" सांगितलं, घरी पाठवलं. दोष माणसांचा कमी आणि रीतीचा जास्त आहे, आणि रीत बदलणं आपल्या हातात आहे. म्हणून हे पत्र आपल्याला.

गुडघा झिजतो तेव्हा आपण हाडाकडे पाहतो, कारण फोटोत हाड दिसतं. मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू, ज्याला डॉक्टर क्वाड्रिसेप्स म्हणतात, त्याची ताकद फोटोत दिसत नाही. खुर्चीतून उठताना, पायरी चढताना, उतारावर पाय रोखताना तोच माणसाला पेलतो. गुडघ्याच्या जुन्या संधिवातात या स्नायूची ताकद त्याच वयाच्या निरोगी माणसापेक्षा २० ते ४५ टक्क्यांनी कमी आढळते. एक कारण उघड आहे : दुखतं म्हणून माणूस चालत नाही, न चालल्याने स्नायू वाळतो. दुसरं कारण कमी लोकांना माहीत आहे. गुडघ्यात पाणी झालं, सूज आली, की सांध्यातून मज्जारज्जूकडे जाणारे संदेश बदलतात आणि मांडीच्या स्नायूला पूर्ण आवळण्याची आज्ञाच पोचत नाही. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी गुडघ्यात सलाईनचं पाणी भरून पाहिलं होतं. अवघं २० ते ३० मिलिलिटर पाणी गेलं आणि मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू ढिला पडायला लागला. एवढं पाणी चहाच्या कपाच्या तळाशी राहील. गुडघा सुजलेली बाई "पाय उचलत नाही" म्हणते तेव्हा ती आळस करत नसते. तिच्या पायाला हुकूमच मिळत नसतो.

मग चक्र सुरू होतं. स्नायू वाळला की सांध्यावर धक्का जास्त बसतो, धक्का बसला की दुखणं वाढतं, दुखणं वाढलं की चालणं आणखी कमी होतं. त्यात भर आपल्या "आरामा"ची. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साठी ओलांडलेल्या निरोगी माणसांना फक्त १० दिवस अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. त्या १० दिवसांत त्यांच्या पायांतलं सुमारे एक किलो स्नायूंचं वजन गेलं. ही धडधाकट माणसं होती आणि दिवस दहाच होते. माझी आई धडधाकट नव्हती आणि तिचे महिने नऊ होते.

अंगाने भरलेल्या बाईच्या बाबतीत हे स्नायूंचं झडणं आणखी लपतं. मांडी बाहेरून गुबगुबीत दिसते, वजनकाट्यावर आकडा वाढतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. आत मात्र मांसाची जागा चरबीने घेतलेली असते.

आता शस्त्रक्रियेचा दिवस घ्या. गुडघा उत्तम बसला तरी कापाकापी, सूज आणि दुखणं यांमुळे मांडीची ताकद पुन्हा कोसळते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत, शस्त्रक्रियेनंतर महिनाभराने ही ताकद आधीच्या तुलनेत सुमारे ६० टक्क्यांनी घटलेली आढळली. त्याच सुमाराच्या अभ्यासांत असंही दिसलं, की शस्त्रक्रियेआधी ज्यांची मांडी मजबूत होती, ते वर्षभरानंतर चालण्यात आणि जिना चढण्यात पुढे होते. दुष्काळ येणार हे ज्याला कळलंय तो शेतकरी आधी कडब्याची गंज लावतो, कणगी भरून ठेवतो. आपल्या जिल्ह्याला हे कुणी शिकवायला नको. शस्त्रक्रियेनंतरचा पहिला महिना हा मांडीचा दुष्काळ आहे आणि तो येणार हे आपल्याला महिनोन् महिने आधी ठाऊक असतं. तरी आपण रुग्णाला रिकामी कणगी घेऊन त्यात ढकलतो.

एक गोष्ट स्पष्ट करते. शस्त्रक्रिया नको, असं माझं म्हणणं नाही. २०१५ साली डेन्मार्कमधला १०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सगळ्यांना व्यायाम, आहार आणि सल्ला मिळाला, आणि त्यांतल्या निम्म्यांचा गुडघाही बदलला. वर्षभराने दोन्ही गट सुधारले होते. गुडघा बदललेले जास्त सुधारले होते. पण ज्यांचा बदलला नव्हता, त्यांच्यातल्या साधारण चौथ्या हिश्श्यालाच त्या वर्षात शस्त्रक्रिया करून घ्यावीशी वाटली. त्याच देशात २०२२ साली आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गुडघा बदलण्यासाठी पाठवलेल्या १४० रुग्णांना १२ आठवडे घरच्या घरी एकच व्यायाम दिला : बसून, रबरी पट्टीच्या ताणाविरुद्ध पाय सरळ करायचा. काहींनी तो आठवड्यातून दोनदा केला, काहींनी चारदा, काहींनी सहादा. परिणामात फारसा फरक पडला नाही. आणि १२ आठवड्यांनी शस्त्रक्रिया आत्ताच हवी, असं म्हणणारे साधारण एक तृतीयांशच उरले.

तोच आकडा नगर जिल्ह्यात येईल असं मी म्हणत नाही. आपल्याकडे माणूस दवाखान्याची पायरी चढतो तोच उशिरा. शस्त्रक्रियेआधीच्या व्यायामाचा फायदा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दिसतो. वर्षभरानंतर तो किती उरतो याबद्दल सगळे अभ्यास एक सांगत नाहीत, हेही खरं. पण या व्यायामाला लागतं काय? एक खुर्ची, एक रबरी पट्टी आणि शिकवणाऱ्याची अर्ध्या तासाची सवड. ज्याला शस्त्रक्रिया लागणारच आहे तो जास्त ताकदीने टेबलावर जाईल. ज्याला थोडं थांबता येईल तो थांबेल आणि आपली रांगही तेवढी हलकी होईल.

"या वयात कसला व्यायाम?" हे मी घरातही ऐकलं आणि दवाखान्याच्या बाकावरही. १९९० साली अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वर्षं वयाच्या १० अशक्त माणसांनी आठ आठवडे वजन लावून पायांचा व्यायाम केला. तो पूर्ण करणाऱ्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीतला स्नायू शिकू शकतो, तर आमची अडुसष्ट वर्षांची आई का नाही?

आता आपल्या जिल्ह्याकडे येते. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. १७,०४८ चौरस किलोमीटर, १४ तालुके, २०११ च्या जनगणनेत ४५ लाखांहून अधिक माणसं. सांध्यांचं दुखणं इथे किती आहे याचा अंदाज शेजारून मिळतो. भीमेपलीकडे, पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ पासून घरोघर जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्यांची पाहणी केली. त्यात दर १०० प्रौढांमागे सुमारे १८ जणांना असं दुखणं आढळलं. भिगवणची शेती, पाणी आणि कष्ट आमच्या कर्जत-श्रीगोंद्यापेक्षा फार वेगळे नाहीत. उकिडवं बसून कांदा लावायचा, उकिडवं बसून खुरपायचं, डोक्यावर ओझं घेऊन बांध ओलांडायचा.

त्यात पाथर्डी, शेवगाव, जामखेडची गावं दिवाळीच्या सुमाराला निम्मी रिकामी होतात. लेक-सून ऊसतोडीला जातात, गाडी भरून बिऱ्हाड निघतं आणि मागे उरतात म्हातारी माणसं, नातवंडं आणि दोन-चार शेळ्या. यादीत नाव असलेल्या आजीचे हे चार-पाच महिने सर्वांत वाईट जातात. हात धरून चालवायला कुणी नाही. दवाखान्यात न्यायला कुणी नाही. मग ती पडण्याच्या भीतीने बाजेवर बसून राहते. फोन आला तरी सोबत कोण जाणार, म्हणून तारीख पुढे ढकलते. यादीत ती पुन्हा मागे जाते आणि मांडी आणखी उतरते.

सरकारने काहीच केलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला लगाम घातला. सरासरी दीड लाखाच्या वर छापील किंमत असलेला कोबाल्ट-क्रोमचा गुडघा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी इतका खाली आला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कवच दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, आयुष्मान भारतचं कार्ड मिळू लागलं. या चांगल्या निर्णयांनी रांगेत उभं राहण्याचा हक्क लाखोंना दिला. रांग वाढणार. म्हणून तर रांगेत उभ्या असलेल्यांच्या पायांचा विचार आत्ताच करायला हवा.

आज आपल्या हिशेबात धातूला किंमत आहे, खाटेला आहे, भुलीच्या इंजेक्शनला आहे. स्नायूला नाही. फुले योजनेच्या पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतच्या उपचारांची सोय धरलेली आहे. दहा दिवसांत टाकेसुद्धा जेमतेम सुकतात; मांडी भरून यायला महिने लागतात. अकराव्या दिवसापासून रुग्ण आणि त्याची मांडी दोघंही आपापल्या नशिबावर. शस्त्रक्रियेआधीच्या महिन्यांसाठी तर पॅकेजमध्ये रकानाच नाही.

हे काम करायला माणसं कुठून आणायची, असं आपण विचाराल. उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. त्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या, त्यांतल्या अनेक निरक्षर, अनेक दलित, आणि त्यांना गावाचं आरोग्य सांभाळायला शिकवलं. ज्या बाईला गावाने कधी खुर्ची दिली नव्हती, ती गर्भारणीला तपासू लागली, मुलांची वजनं घेऊ लागली, कुष्ठरोग्याच्या घरी जाऊ लागली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जामखेड पाहायला जगभरातून डॉक्टर येऊ लागले. ज्या जिल्ह्याने शिकवण दिली की अवघड वाटणारं आरोग्याचं काम नीट शिकवलं तर गावातली बाई करू शकते, त्या जिल्ह्यात एका आजीला खुर्चीतून पाच वेळा उठायला लावून सेकंद मोजणं कुणाला जमणार नाही?

शिकवणारेही आहेत. लोणीला प्रवरा आयुर्विज्ञान संस्थेचं फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. विळद घाटात विखे पाटील फाउंडेशनचं आहे. तिथे दरवर्षी नवे हात तयार होतात. गावोगावी आशाताई आहेत, उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्येच सुरू झाला. ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर पुनर्वसनाची सेवा द्यावी, हे त्यात लिहिलेलं आहे. सगळे मणी हाताशी आहेत, फक्त त्यांतून दोरा ओवायचा राहिला आहे.

म्हणून माझ्या मागण्या अशा :

१. यादीत नाव लिहाल त्याच दिवशी मोजमाप करा. हाताची घडी छातीशी घालून खुर्चीतून पाच वेळा उठ-बस करायला किती सेकंद लागतात ते केसपेपरवर लिहा. आशियाई देशांतल्या तज्ज्ञांनी २०१९ साली ठरवलेल्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर पाय कमजोर झाल्याची ती खूण आहे. पोटरीचा घेर पुरुषात ३४ आणि बाईत ३३ सेंटिमीटरच्या आत असेल, तर तीही धोक्याची घंटा. दोन्हीसाठी लागतं एक घड्याळ आणि एक मोजपट्टी.

२. त्याच दिवशी, रुग्ण दवाखान्याच्या बाहेर पडण्याआधी, फिजिओथेरपिस्टने चार-पाच व्यायाम करून दाखवावेत आणि रुग्णाकडून करून घ्यावेत. सोबत मोठ्या अक्षरांचा, चित्रांचा मराठी कागद द्यावा. "आराम करा" हे शब्द काढून टाका आणि त्या जागी "हे करा, एवढं करा, एवढं दुखलं तर थांबा" हे लिहा.

३. प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात ठरावीक वारी फिजिओथेरपिस्ट हजर राहील अशी व्यवस्था करा. जिथे पद रिकामं आहे तिथे ते भरेपर्यंत लोणी आणि विळद घाटच्या महाविद्यालयांशी करार करून त्यांचे शिक्षक आणि इंटर्न तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी पाठवा. म्हातारं माणूस बाजाराच्या जीपने तालुक्याला येऊ शकतं. नगरला येणं त्याला झेपत नाही.

४. यादीतल्या रुग्णांची गाववार नावं आशाताई आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना द्या. महिन्यातून एकदा घरी जाऊन उठ-बस मोजावी, व्यायाम चालू आहे का ते पाहावं. या कामाचा वेगळा मोबदला आशाताईंना मिळालाच पाहिजे. बिनपैशाचं आणखी एक काम त्यांच्या पिशवीत टाकू नका.

५. साखर, रक्तदाब, हिमोग्लोबिन, दात या तपासण्या यादीच्या सुरुवातीला करा, शेवटच्या आठवड्यात नको. कागदपत्रांतली नावंही तेव्हाच जुळवून घ्या. वाट पाहण्याचा काळ या दुरुस्त्यांसाठी वापरला तर ऐनवेळी तारखा हुकणार नाहीत.

६. राज्य आरोग्य हमी सोसायटीने गुडघाबदलाच्या पॅकेजमध्ये शस्त्रक्रियेआधीचे किमान सहा आणि नंतरचे १२ आठवडे फिजिओथेरपी धरावी, तीही तालुक्याच्या ठिकाणी. हाडाचं काम करून स्नायूचं अर्धवट सोडलं, तर सरकारचा पैसाही अर्धाच कामी येतो.

७. रुग्णाला खरं सांगा : रांगेत कितवा नंबर आहे, साधारण किती महिने लागतील. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना हंगामाआधी किंवा हंगामानंतरची तारीख निवडू द्या.

महोदय, आपल्याकडून उत्तर येईपर्यंत ज्यांना थांबायचं आहे, त्यांच्याशीही या पत्रातून दोन शब्द बोलते. हे पत्र त्यांच्याही वाचनात यावं.

आजी, आजोबा, दुखणाऱ्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि मांडी आवळून ती खाली दाबा. पाच आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा. एक पाय दुमडून दुसरा सरळ ठेवून वीतभर उचला. खुर्चीत बसून पाय सरळ करा, थोडं थांबा, हळूहळू खाली आणा. सोपं वाटायला लागलं की घोट्याला रबरी पट्टी किंवा वाळूची छोटी पिशवी बांधा. उंच, हात असलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि उठ-बस करा, आधी हाताच्या आधाराने, मग आधार कमी करत. थोडं दुखणं चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढली असेल तर थोडं कमी करा, सोडून देऊ नका. हृदयाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. काठी दुखणाऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा; बहुतेक जण ती उलट धरतात.

आणि पोटाला खा. नुसत्या व्यायामाने स्नायू बांधला जात नाही, त्याला प्रथिनं लागतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. उतारवयात एक ग्रॅम किंवा थोडी जास्त असावीत, असं वृद्धांच्या आहाराचे अभ्यासक सांगतात. म्हणजे ५० किलोच्या आजीला दिवसाला पन्नासेक ग्रॅम. आपला जिल्हा दुधाचा, पण सकाळचं दूध डेअरीला जातं आणि आजीच्या वाट्याला चहापुरतं उरतं. त्यात सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, आणि उपवासाला साबुदाणा, ज्यात प्रथिनं नावालाच. देवाला दुखवा, असं मी म्हणणार नाही. पण शस्त्रक्रिया होऊन पाय भरेपर्यंत उपवास बाजूला ठेवले तर देव समजून घेईल. एक पेला दूध तिच्यासाठी काढून ठेवा. हुलग्याचे शेंगोळे करा, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, चालत असेल तर रोज एक अंडं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

लेकी-सुनांनो आणि मुलांनो, पाण्याचा तांब्या हातात देऊ नका. तो चार पावलांवर ठेवा आणि तिच्यासोबत चाला. आम्ही ते केलं नाही. त्याची खंत मला जन्मभर राहील.

महोदय, आईचा डावा गुडघा अजून बदलायचा आहे. यादीत पुन्हा नाव लागलं आहे. या वेळी शिवणाच्या डब्यातली मोजपट्टी आम्ही बाहेर काढली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला कॅलेंडरवर मांडीचं माप आणि पाच उठ-बशींचे सेकंद लिहितो. पहिल्या महिन्यात तिला हात टेकूनही २६ सेकंद लागले. चौथ्या महिन्यात हात न टेकता १७. बारावर ती अजून आलेली नाही, पण काठी घेऊन मारुतीपर्यंत पुन्हा जाऊन येते. तिला व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट आम्हाला नशिबाने भेटली. शेजारच्या वस्तीवरच्या आजीला ती भेटलेली नाही. तिचंही नाव यादीत आहे आणि ती आजही बाजेवर बसून फोनची वाट पाहते आहे.

शस्त्रक्रियागृहं वाढवायला, डॉक्टर नेमायला वेळ लागेल, हे मला कळतं. मोजपट्टी, कागद आणि अर्धा तास द्यायला वेळ लागायचं कारण नाही. पुढच्या सोमवारी जिल्ह्यातल्या ज्या पहिल्या रुग्णाचं नाव यादीत लिहाल, त्याच्यापासून सुरुवात करा, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
पाथर्डी तालुक्यातल्या एका रुग्णाची मुलगी